तिसऱ्या दिवशीचं पाणी

काम झालं नाही तर पैसे कशाचे, हा माझा आयुष्यभराचा सरळ कायदा. उदगीर डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. गाडी सुटलीच नाही तर तिकिटाचे पैसे परत द्यावे लागतात, मग गीझर तापलाच नाही तर मेकॅनिकला काय म्हणून द्यायचे? मागच्या वर्षी पाण्याचा फिल्टर बंद पडला. लातूरहून एक जण आला, झाकण उघडून आत डोकावला, मान हलवली, झाकण लावलं आणि पाचशे रुपये मागितले. म्हणे व्हिजिट चार्ज. म्हटलं, बाबा, डोकावून तर मीसुद्धा बघितलं होतं, मला कोण देणार? दारातच आमचं अर्धा तास वाजलं. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे साखराबाईंनी, त्याच्या हातावर दोनशे टेकवून त्याला वाटेला लावलं आणि माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

अशा प्रत्येक भांडणात मी एक गोष्ट सांगायचो. फिल्टरवाल्याला सांगितली, गीझरवाल्याला सांगितली, खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्यालाही सांगितली. ती निजामभाई मिस्त्रीची गोष्ट.

सत्त्याऐंशी साली मी बिदर रोडला घर बांधलं. आमच्या गल्लीत नळाला तेव्हाही आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि आजही तसंच येतं. त्यामुळं आमच्याकडं आधी हौद आणि मग भिंती. हौद बांधायला निजामोद्दीन मिस्त्रीच पाहिजे, असं तेव्हा सगळं गाव म्हणायचं. काडीसारखा बारीक माणूस. बोलणं कमी, पान जास्त. गिलावा झाला की नदीतला एक गुळगुळीत गोटा घेऊन हौदात उतरायचा आणि दिवसभर भिंती घोटत बसायचा. दुपारी आमच्याच ओसरीवर बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायचा. ईदेला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा. तो रिकामा परत द्यायचा नाही म्हणून साखराबाई त्यात कधी पुरणपोळ्या, कधी शेंगदाण्याचे लाडू घालून पाठवायची. घर नवं होतं, बायको नवी होती, नोकरीला चार वर्षं झाली होती. त्या दिवसांची आठवण आली की मला अजूनही ओल्या सिमेंटचा वास येतो.

हौदाच्या कामाची त्या काळी एक बोली असायची. काम चालू असताना मिस्त्रीनं रोजची खुराकी, म्हणजे जेवणाखर्चापुरते पैसे, तेवढी घ्यायची. हौद भरला की तो स्वतः येऊन पाण्याच्या काठाला कोळशानं रेघ मारणार. तीन रात्री जाऊ द्यायच्या. चौथ्या दिवशी सकाळी पाणी रेघेला टेकून असलं तर पूर्ण मजुरी. रेघ उघडी पडली तर मजुरी नाही, आणि काम पुन्हा करून द्यायचं.

आमच्या हौदाची रेघ चार बोटं उघडी पडली. माझे सासरे मुद्दाम हंडरगुळीहून घर बघायला आले होते, ते काठावर उभे. निजामभाईनं हौदात वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "गलती माझी हाय, किसनराव." दुसऱ्या दिवशी त्यानं सगळा गिलावा खरवडून काढला, स्वतःच्या पैशानं सिमेंट आणलं आणि हौद नव्यानं केला. त्यानंतर आठ दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन हौदाच्या काठावर उकिडवा बसायचा. पाणी मारायचा, हात फिरवायचा, पान खायचा. मग हौद भरला, आणि सदतीस वर्षं त्यातून थेंब गळला नाही. मजुरी त्यानं एकाच कामाची घेतली. सिमेंटचे पैसे मी देऊ केले, तर हात मागं घेतला.

"असे मिस्त्री होते," असं म्हणून मी ही गोष्ट संपवायचो. समोरचा फिल्टरवाला मोबाइलमध्ये बघत असायचा, ते सोडा.

या वर्षी होळीच्या सुमारास हौदाच्या उत्तरेच्या कोपऱ्याला चीर गेली. निजामभाई जाऊन पाच वर्षं झाली होती. मी त्याच्या मुलाला, मोहसीनला फोन केला. मोहसीन आता पंचेचाळिशीचा आहे. फरशी, टाइल्स, वॉटरप्रूफिंग, सगळी कामं घेतो. मोटारसायकलवर आला, हौदात उतरला आणि बापासारखाच उकिडवा बसला. मला बरं वाटलं. कोपरा आणि खालचा थर फोडून नव्यानं करावा लागेल, मजुरी साडेचार हजार, असं म्हणाला. मी त्याला रेघेची बोली सांगितली. हसला. असं आता कोणी करत नाही, पण तुमच्यासाठी करतो, म्हणाला.

तीन दिवस त्यानं आणि एका गड्यानं काम केलं. जाताना मला बजावलं की सात दिवस रोज पाणी मारा, पण हौद भरू नका. आठव्या दिवशी मी येतो, आपण दोघं मिळून भरू. साखराबाई तिथंच उभी होती, तिनंही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे नळ सुटला.

ज्याच्या घरी रोज पाणी येतं त्याला हे कळायचं नाही. अकरा दिवसांनी पाणी आलं होतं आणि पुढं कधी येईल याचा नेम नव्हता. घागरी भरल्या, पिंप भरलं, बादल्या भरल्या, पोळ्यांचा डबासुद्धा भरायचा बाकी ठेवला नाही. तरी नळ चालूच. मी पाइप उचलला आणि हौदात सोडला. साखराबाई म्हणाली की भरू नका म्हणून सांगितलंय ना त्यानं. मी तिला समजावलं की सिमेंट पाण्यावरच वाढतं, उगाच का लोक त्याला दिवसातनं चारदा पाणी मारतात? शिंपडलेलं चालतं तर भरलेलं का नाही चालणार? माझा युक्तिवाद मला फारच पटला. दोन तासांत हौद गळ्यापर्यंत भरला आणि मी समाधानानं चहा प्यालो.

आठव्या दिवशी मोहसीन आला. भरलेला हौद बघून थबकला. कधी भरला म्हणून विचारलं. मी म्हणालो, काल. काल तर नळ नव्हता, तो म्हणाला. मी म्हणालो, टँकर घेतला. माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. साखराबाई आत निघून गेली. मोहसीननं वाकून भिंतीवरून बोट फिरवलं, क्षणभर माझ्याकडं बघितलं, आणि कोळशानं रेघ मारली.

तीन रात्रींनी रेघ पाच बोटं उघडी पडली.

मी म्हणालो, बोलीप्रमाणं मजुरी नाही. मोहसीन म्हणाला, मी पुन्हा करून देतो, त्याचा एक रुपया घेणार नाही, पण या खेपेची मजुरी मला पाहिजे. गड्याला तर मी माझ्या खिशातून देऊन बसलोय. मग मी त्याला त्याच्या बापाची गोष्ट सांगायला घेतली. बापानं मजुरी सोडली, सिमेंट स्वतःचं घातलं, आणि तू दाराशी उभा राहून पैसे मागतोस?

"अब्बाची गोष्ट मला सांगू नका, काका," तो म्हणाला. "ती मला तुमच्यापेक्षा जास्त म्हाइत हाय."

मोटारसायकलला किक मारून गेला. मला त्याचा राग आला. आणि माझा राग घरात मावत नाही, हा जुना रोग आहे. नाक्यावर एक चहाचं दुकान आहे, तिथं सकाळी सगळे मिस्त्री आणि बिगारी काम मिळायची वाट बघत उभे असतात. रोज तिथं जाऊन मी दोन कप चहाबरोबर मोहसीनचा उद्धार केला. निजामभाईच्या पोरानं हौद गळका केला आणि वर मजुरी मागतो, हे मी चार दिवसांत इतक्या जणांना सांगितलं की शेवटी एका अनोळखी माणसानं तीच बातमी मला सांगितली.

आठवडाभरानं साखराबाई भाजी घेऊन आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलली. मोंढ्यातल्या धान्याच्या एका अडत्याच्या बंगल्याचं काम मोहसीनला मिळालं होतं. गच्ची, बाथरूम, सगळं वॉटरप्रूफिंग, दोन महिन्यांचं काम. अडत्यानं ते काढून घेतलं. ज्याला हौद जमत नाही त्याला गच्ची कशी जमेल, म्हणाला. मी म्हणालो, मी काय अडत्याला सांगायला गेलो होतो?

"तुम्ही तिसऱ्या दिवशी भरला की ओ," ती म्हणाली. "मला कुणी इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाई."

मी तिच्यावर खेकसलो. पण त्या दिवसापासून हौदाकडं जायचं मी टाळू लागलो. मनाला मात्र हजार समजुती घालत होतो. समजा भरला तिसऱ्या दिवशी, तेवढ्यानं का हौद गळतो? आणि बाप असा देवमाणूस, त्याच्या मुलानं थोडं तरी मोठं मन दाखवायला नको? शेवटी मी ठरवलं की सरळ त्याच्या आईला जाऊन भेटायचं. बेगमबी भाभी शहाणी बाई. नवऱ्याचा शब्द काय होता हे ती पोराला नीट समजावून सांगेल.

चौबाऱ्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. मी गेलो तेव्हा भाभी दारात बसून वाकळ शिवत होती. पंचाहत्तरी गाठलेली, पण सुईत दोरा अजून स्वतःच ओवते. मला बघून चेहरा उजळला. साखराबाईची, नातवंडांची विचारपूस केली. सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी चहा येईपर्यंत धीर धरला आणि मग सगळं सांगितलं, सत्त्याऐंशी सालापासून. कोळशाची रेघ, निजामभाईचं "गलती माझी हाय," मागं घेतलेला हात. भाभी सुई चालवत ऐकत होती.

"भाऊ, ही गोष्ट तुम्ही लई वर्सं सांगून राहिले," ती म्हणाली. "माझ्या कानावर येती. मी कवा काय बोलले न्हाई. तुम्ही माझ्या दारात येऊन माझ्या लेकाला नावं ठेवायलाव, म्हनून आज बोलते. त्या साली बी तुम्ही तिसऱ्या दिवशीच हौद भरला व्हता."

मी विचारलं, कोणी सांगितलं?

"सांगायला कोन पायजे? कच्च्या पलस्तरावर पाणी चढलं की बारीक चिरा जात्यात आन डाग पडतो. मिस्त्रीला त्यो दिसतो. घरी येऊन मला म्हनले, किसनरावनं घाई केली. मी म्हनले, मग सांगा की त्याला तोंडावर. तर म्हनले, त्याचा सासरा हुभा व्हता, नवी नवरी हुभी व्हती. सातव्या दिवशी भरला म्हनून त्यानं समद्यांसमोर सांगितलंय. त्याला त्याच्याच घरात खोटा कसा पाडू?"

मी कप खाली ठेवला. सून दारात येऊन उभी होती, ती आत गेली.

"सिमिट कुठून आलं म्हनून कवा इचारलं न्हाई तुम्ही," भाभी पुढं म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. "बकरीदीसाठी एक बकरा पाळला व्हता. लेकरं त्याला हातानं पाला घालायची. त्यो इकला. त्या साली आमच्या घरी कुर्बानी झाली न्हाई. आन ते आठ दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन बसायचे ना तुमच्याकडं, ते पाणी मारायला न्हाई. राखनीला बसायचे. नळ सुटला तर तुम्ही पुन्ना भराल म्हनून."

मी विसरलो होतो असं मला इथं लिहिता आलं असतं. पण तसं नाही. पहिल्या काही वर्षांत मला पक्कं माहीत होतं की मी हौद लवकर भरला होता. त्या वेळीही पहाटेच नळ सुटला होता, त्या वेळीही मी पाइप सोडला होता. पण गोष्ट सांगताना तेवढा भाग मी गाळायचो, आणि गाळता गाळता एक दिवस तो गोष्टीतूनच निघून गेला. उरला तो भला मिस्त्री आणि त्याच्या भलेपणाचा साक्षीदार मी. ज्या माणसानं माझी अब्रू झाकली, त्याच्याच नावानं मी सदतीस वर्षं लोकांच्या मजुऱ्या कापत आलो होतो. मला बसल्या जागी लाज वाटली. चेहरा इतका तापला की मी टोपी काढून उगाच वारा घेत बसलो.

भाभीनं सुई वाकळीत टोचून ठेवली.

"या बारीला कवा भरला, किसनराव?"

एकतीस वर्षं मी गाड्यांच्या वेळा मिनिटावर सांगत आलो. त्या दिवशी तीन शब्द सांगायला मला किती वेळ लागला, देव जाणे.

"तिसऱ्या दिवशीच, भाभी."

"मग मला सांगून काय उपेग," ती म्हणाली. "जिथं त्याचं नाव खराब केलं तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर गेलो. मोहसीन तिथं होता. मोंढ्यातलं काम गेल्यामुळं तोसुद्धा इतरांसारखा थापी आणि ओळंबा पिशवीत घालून रोजाच्या कामाची वाट बघत उभा होता. पंचवीस-तीस माणसं असतील. दुकानदारानं सवयीनं माझ्यासाठी चहा ओतायला घेतला, मी त्याला हातानं थांबवलं. मग सांगितलं. मोहसीनचं काम चोख होतं. सात दिवस भरू नका म्हणून त्यानं बजावलं होतं, मी तिसऱ्या दिवशी भरला. टँकर वगैरे काही आला नव्हता, मी खोटं बोललो. ज्यांना ज्यांना मी त्याच्याबद्दल सांगितलं होतं त्यांनी हेही जाऊन सांगावं. मोंढ्यातल्या अडत्याकडं मी स्वतः जाणार आहे.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एका म्हाताऱ्या बिगाऱ्यानं नुसतं माझ्याकडं बघून तंबाखू चोळायला घेतली. मी मोहसीनला बाजूला घेऊन मजुरी दिली. ती त्यानं न मोजता खिशात घातली. मी दुसरं पाकीट काढलं. हे सत्त्याऐंशीचं, म्हणालो, दुसऱ्या खेपेची मजुरी आणि सिमेंट. त्याला हात लावला नाही त्यानं.

"ते अब्बाचे व्हते. त्यांनी सोडले, तर मी कसे घेऊ?"

मी पाकीट परत ठेवलं. मग मला राहवलं नाही. त्याला विचारलं, तुलाही त्या दिवशी डाग दिसला होता ना?

हाव, म्हणाला.

मग तेव्हाच का नाही बोललास? मी काय तुला खाल्लं असतं?

मोहसीननं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्याकडं बघत बोलला, माझ्याकडं नाही.

"अब्बा गप बसले, आपन बसायचं न्हाई, असं मी ठरवलं व्हतं. म्हनून तर मजुरी मागितली. पन तुमच्या तोंडावर तुमाला खोटं म्हनायला जीभ उचलली न्हाई." मग म्हणाला, "आजारी व्हते तवा अब्बा मला सांगून गेले व्हते. किसनरावच्या हौदाचं काम कवा घेतलंस तर नळ सुटायच्या दिवशी जाऊन बस. मी आलो न्हाई, काका. म्हटलं, तवा काका जवान व्हते, नवं घर व्हतं. आता वय झालंय त्यांचं. आता काय राखन बसायचं त्यांच्यावर?"

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला येऊन थांबला, चार माणसं पाहिजेत म्हणाला. मोहसीन जायला निघाला. जाताना वळून म्हणाला की शुक्रवारी येतो, तोवर हौद रिकामा करून वाळवून ठेवा.

घरी आलो. साखराबाईनं बादली आणून दिली. दिवसभर मी हौद उपसत होतो. शेजारच्यांना हाका मारून पाणी नेऊ दिलं, झाडांना घातलं, उरलं ते रस्त्यावर सोडलं. संध्याकाळी तळाशी पोहोचलो आणि शिडीनं आत उतरलो. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या नव्या गिलाव्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीला, पाण्याचा फिकट डाग गेलेला होता. कोणालाही दिसला असता. मी त्यावर हात ठेवला, आणि मला निजामभाईची इतकी आठवण आली की वरून साखराबाईनं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं मी शिडीकडं वळलो.